डागदर आलं गंऽ!

"तर, माकडाला आधी दिवा दाखवायचा आणि मग फळाचा रस द्यायचा. समजलं?"

छकुलीला समजलं नव्हतं. तिनं एक कान हलवला, शेपटीचा फटका माझ्या गालावर दिला आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. मी बादली गुडघ्यांत धरून बसले होते. बादलीत चहापुरतंही दूध नव्हतं.

छकुली म्हणजे आमची गाय. नावावर जाऊ नका, गोठ्याचं दार तिच्यासाठी रुंद करून घ्यावं लागलंय. वासरू असताना ठेवलेलं नाव तसंच राहिलं, एवढंच. तिची धार माझे वडील, तात्या, काढायचे. पण त्या आठवड्यात तात्या शेणावरून घसरले, खांदा मोडला आणि हात गळ्यात अडकवून घरी बसले. छकुलीला फक्त तात्यांच्या हाताची सवय. माझा हात लागला की दूध वर ओढून धरायची. आमच्या वडगावात याला पान्हा चोरणं म्हणतात.

मी बारामतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्या दिवशी तासाला 'मेंदू आणि बक्षीस' हा भाग होता. नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी गोठ्यातच तासाची तयारी चालवली होती. विद्यार्थ्यांपेक्षा छकुली बरी, निदान मोबाईल तरी बघत नाही.

"पहिल्यांदा रस मिळतो तेव्हा माकडाच्या मेंदूतल्या काही पेशी एकदम ओरडतात. अरे वा! हे तर ठरलंच नव्हतं! पण रोज दिव्यापाठोपाठ रस यायला लागला की त्या रसाला ओरडायचं सोडतात आणि दिवा लागला की ओरडतात. म्हणजे काय, तर मेंदू…"

"आणि दिवा लागला, पण रस आलाच नाही तर?"

हा आवाज छकुलीचा नव्हता. मी मान वळवली. गोठ्याच्या दारात एक उंचसा मुलगा उभा होता. पायात गमबूट, काखेत हेल्मेट, खांद्याला बॅग. मागं कालव्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं आणि तो त्यातूनच आल्यासारखा केसांपर्यंत ओला झाला होता. माझ्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगावर तात्यांचा स्वेटर… अशा अवतारात माणसाला माणूस भेटू नये.

"तर…" मी बाईंच्या आवाजात म्हणाले, "रस यायच्या नेमक्या वेळेला त्या पेशी गप्प होतात. नेहमीपेक्षाही गप्प."

"अरेरे. बिचारं माकड!"

हे त्यानं इतक्या मनापासून म्हटलं की मला हसूच आलं. मग कळलं, तो जनावरांचा डॉक्टर. अविराज नाव, गाव इंदापूर तालुक्यातलं नरसिंहपूर. आमच्या दूध संस्थेचे नेहमीचे डॉक्टर प्रशिक्षणाला गेले होते, त्यांच्या जागी हा काही दिवस आला होता. त्याला शेजारच्या रामहरीकाकांच्या म्हशीकडं जायचं होतं आणि वाट चुकून आमच्या गोठ्यात शिरला होता.

"रामहरीकाकांचं घर पुढचं," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला आणि छकुलीजवळ येऊन बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चोरतीय होय?"

"काका म्हणतात, एक इंजेक्शन द्या, भडाभडा दूध येईल."

"ते द्यायला बंदी आहे, आणि गाईचे हाल होतात ते वेगळेच. त्यापेक्षा तुमचंच माकड वापरा की."

"ही गाय आहे."

"तिलाही मेंदू आहे. जरा हट्टी आहे, पण हुशार दिसतोय."

"गाईबद्दलच बोलताय ना?"

"सध्या तरी…" तो म्हणाला आणि एकदम बॅगेत काहीतरी शोधायला लागला. बॅगेत शोधण्यासारखं काही नव्हतं, हे मला नंतर कळलं.

त्यानं सांगितलेला उपाय सोपा होता. दोन्ही वेळेला धारेआधी बादलीवर पळीचे ठोके द्यायचे, लगेच सरकी पेंड पुढं ठेवायची, मग धारेला बसायचं. ठोके म्हणजे पेंड, पेंड म्हणजे धार, हे तिच्या डोक्यात बसलं की नुसत्या ठोक्यांवर पान्हा येईल. मारायचं नाही, घाई करायची नाही, आणि गोठ्यात आरडाओरडा अजिबात नको.

ही शेवटची अट आमच्या घरात पाळणं अवघड होतं, कारण आमच्या घरात बनाआत्या आहे. तात्यांची थोरली बहीण. आई गेल्यापासून तीच घर बघते. ती कानात कुजबुजली तरी कालव्यापलीकडचे लोक "काय म्हणताय?" विचारतात.

अविराज सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना आमच्याकडं डोकवायला लागला. "केस बघायला" म्हणायचा. त्याची गाडी वळणावर दिसली की ओट्यावरून आत्या हाक द्यायची, "डागदर आलं गंऽ!" मग मी टॉवेल काढून फेकायची, केस मागं सारायची, बादलीवर ठोके द्यायची, पेंड ठेवायची. याच क्रमानं. केसांचं त्याच्या उपायात कुठं नव्हतं, ते माझं मीच घातलं होतं.

आणि मग गप्पा! माझ्या आयुष्यात मी गोठ्यात एवढी बोलले नव्हते. तो चहा बशीत ओतून, फुंकर मारून प्यायचा आणि बशीच्या कडेवरून बघायचा. माझ्या केसात एकदा उसाच्या वाढ्याचं पान अडकलं होतं. त्यानं सांगितलं नाही, नुसतं स्वतःच्या केसाला बोट लावलं. मी उलट्या बाजूला शोधत राहिले. त्यानं हात पुढं केला… आणि तिथंच थांबवला. पान शेवटी माझं मीच काढलं, पण तो थांबलेला हात मला दिवसभर पुरला.

"तुम्ही वर्गात एवढं बोलता, आणि एक साधी गोष्ट विचारली की गप्प," तो एकदा म्हणाला.

"कुठली साधी गोष्ट?"

"रविवारी हुरड्याला याल का, हे विचारून तीन दिवस झाले. गाय पान्हा चोरते, तुम्ही शब्द चोरता."

खरं होतं ते. लहानपणापासून मी कशाचीच आशा मोठ्यानं करत नाही. निकाल, नोकरी, काहीही असो, "बघू" म्हणायचं. आशाच धरली नाही की वाईट वाटत नाही, असा माझा हिशोब. हुरड्यालाही मी "बघू" म्हणाले. मग गेले, आणि गरम हुरडा चोळता चोळता त्यानं माझ्या तळहातावर न विचारता ओंजळ रिकामी केली तेव्हा मला काय वाटलं, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

मग एका सकाळी ते घडलं. ठोके वाजले, पेंड ठेवली, मी हात लावला मात्र… धार! रिकाम्या बादलीत चर्रर्र असा आवाज झाला आणि आम्ही दोघंही श्वास धरून बसलो. बघता बघता आवाज जड झाला, फेस चढला. मी आनंदानं इतक्या जोरात वळले की फेसाचा शिंतोडा हनुवटीवर उडाला. अविराजनं स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. आम्ही हसत सुटलो. ओट्यावरून तात्यांनी विचारलं, "काय झालं गं?" आणि आत्या म्हणाली, "गाय पान्हावली," आणि मग थोडं थांबून, "गाय तरी."

त्याच आठवड्यात जुने डॉक्टर परत आले. अविराजला इंदापूरला आपल्या कामावर परत जाणं भाग होतं. निरोप घ्यायला आला तेव्हा हेल्मेट या हातातून त्या हातात फिरवत राहिला.

"आता तुम्हाला माझी गरज नाही. पळी वाजवली की झालं."

"हो. झालंच."

"मग… येऊ मी?"

'येऊ' म्हणजे जाऊ. आपल्या भाषेत निघतानासुद्धा येतोच म्हणतात. मला म्हणायचं होतं, याच. पण मी म्हणाले, "बघू… आलात या बाजूला तर या." पाहुण्या मास्तरांना म्हणावं तसं! तो मान हलवून गेला. धुक्यात गाडीचा लाल दिवा बराच वेळ दिसत होता.

संध्याकाळी मी बादलीवर पळी वाजवली. छकुलीनं माझ्याकडं बघितलंही नाही. पेंड खाल्ली, पण दूध नाही. पुन्हा वाजवली. वाजवून वाजवून बादलीला पोचा पडला, गाय मख्ख. तेवढ्यात वीज मीटरचं रीडिंग घेणारा पोरगा हेल्मेट घालून वळणावर दिसला आणि आत्यानं सवयीनं हाक दिली, "डागदर आलं गंऽ!"

छकुलीनं कान टवकारले. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या सडांतून थेंब थेंब दूध गळायला लागलं.

मी कपाळावर हात मारला. हे तर मी दरवर्षी शिकवते! मेंदू सगळ्या खुणा ऐकत बसत नाही. बक्षीस येतंय हे जी खूण सगळ्यात आधी सांगते, ती धरतो. आत्याची हाक पळीच्या आधी यायची. हाकेतच सगळं कळल्यावर पळीत नवीन ते काय राहिलं? गाड्या तर रस्त्यानं दिवसभर जातात, त्यातली पेंड आणणारी कुठली हे तिला काय कळणार. पण "डागदर आलं" ही हाक दुसऱ्या कशालाच नव्हती.

हे सगळं मी अगदी शांतपणे जुळवलं. मग लक्षात आलं की मी गोठ्याच्या दारात उभी आहे. टॉवेल जमिनीवर, हात केसांत. छकुलीच्या आधी मीच पळाले होते.

तेव्हापासून आमच्याकडं दोन्ही वेळेला ती हाक व्हायला लागली. इलाजच नव्हता. तात्यांचा खांदा अजून भरून यायचा होता आणि गाय दुसऱ्या कशाला ऐकेना. रामहरीकाकांनी एकदा विचारलंही, "बनाक्का, कुठला डागदर येतूय म्हणायचा ह्यो? आवाज तर रोज येतूय, मानूस काय दिसंना."

"गाईला दिसतूय न्हवं? मग झालं तर!" आत्या म्हणाली.

गाईचं ठीक होतं. हाक आली की तिला पेंड मिळायची. मला काय मिळत होतं? मोकळं वळण. तरी प्रत्येक हाकेला छातीत काहीतरी उडी मारायचंच, पाय दाराकडं जायचेच. अविराजचे मेसेज यायचे मध्येच कधीतरी. "छकुली कशी आहे?" मी लिहायची, "छकुली तुमच्या नावाशिवाय दूध देत नाही." वाचायची, लाजायची, पुसायची आणि पाठवायची, "छान आहे." संक्रांतीपर्यंत असं चाललं. संक्रांतीनंतर मेसेज एकदम बंद झाले.

मी स्वतःला समजावलं की हे विरून जाईल. दिवा लागतो, रस येत नाही, असं बरेचदा झालं की माकडही दिव्याकडं बघायचं सोडतं. मीच शिकवते.

आणि एका सकाळी तसंच झालं. मी ओट्यावर पेपर तपासत बसले होते. आत्यानं हाक दिली, "डागदर आलं गंऽ!" गोठ्यात छकुली हंबरली. माझं पेन मात्र थांबलं नाही. मी पुढचं उत्तर वाचलं, मार्क दिले, पान उलटलं… आणि मग एकदम उमगलं की मी उठलेच नव्हते.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्या हाताला घाम फुटला. मी काही ठरवलं नव्हतं. माझा मेंदू मला न विचारता त्याला विसरायला लागला होता, आणि मला विसरायचं नव्हतं! अजून महिनाभर 'बघू, बघू' केलं असतं तर बघण्यासारखं आतमध्ये काही उरलंच नसतं. मी पेपर तसेच सोडून स्वयंपाकघरात गेले.

"आत्या, मी रविवारी नरसिंहपूरला जाऊन येऊ?"

"देवाला?"

"…देवालापण."

आत्यानं भाकरी उलटली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "जा बाई. लई दिस झालं, माझा बी घसा बसला."

ओट्यावरून तात्या म्हणाले, "अंधाराच्या आत ये. न्हायतर त्येलाच सोडाय सांग." सगळं घर मला ओळखून होतं, उशीर काय तो मलाच झाला होता.

बारामतीहून इंदापूर, तिथून दुसरी एसटी. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या पुढं निघू देईनात. खिडकीतून मळीचा वास येत होता. नरसिंहपूरला उतरून मी मेसेज केला, "मी तुमच्या गावात आहे." पुसला नाही. पाठवला!

तो चपला उलट्यासुलट्या घालून आला.

"काय झालं? छकुली बरी आहे ना?"

"छकुली मजेत आहे. मी दर्शनाला आले."

दर्शन झालं. मग आम्ही घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेलो. समोर नीरा येऊन भीमेला मिळत होती. पाण्यावर ऊन पसरलं होतं, खाली एक बाई साडी धूत होती. आम्ही दोघं पायरीवर बसलो, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"नवीन डॉक्टर कसे आहेत?" त्यानं पाण्याकडं बघत विचारलं.

"कुठले नवीन?"

"तुमच्याकडं येतात ते…" तो घुटमळला. "मी आलो होतो. किंक्रांतीला. आई नको म्हणत होती, आज चांगल्या कामाला निघू नये म्हणून. पण तीळगूळ द्यायचा होता… आणि विचारायचंही होतं काहीतरी. कालव्याच्या पुलाजवळ गाडी बंद करून उभा राहिलो, जरा धीर यावा म्हणून. तेवढ्यात आत्यांची हाक आली, डागदर आलं! माझी गाडी तर पुलाअलीकडं होती. आणि तुम्ही दारात आलात. केस मागं सारत… एवढं हसू! म्हटलं, आलेले दिसतात त्यांचे डॉक्टर. मग परत फिरलो."

मग मला हसू फुटलं. ते थांबेचना. साडी धुणारी बाई वर बघायला लागली, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हसता काय?"

"अहो, तो डॉक्टर तुम्हीच!"

मी त्याला सगळं सांगितलं. वाया गेलेली पळी, मीटरवाला पोरगा, गळणारं दूध, आत्याचा घसा. "रोज दोनदा येता तुम्ही आमच्याकडं," मी म्हणाले, "फक्त दिसत नाही."

तो हसला, मग हसता हसता थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी दारात… माझ्यासाठी…"

आता शब्द चोरून चालणार नव्हतं.

"तुमच्यासाठी. रोजच येते. गाईला पेंड मिळते, मला काही मिळत नाही, तरी येते. पण परवा हाक आली आणि मी उठले नाही, अविराज. मला भीती वाटली. सवय मोडायला लागलीय आणि मला ती मोडायची नाहीय. तुम्ही मला आवडता. फार आवडता. आता 'बघू' म्हणू नका, ते मी पुष्कळ म्हणून झालंय."

मध्ये सोडलेलं अंतर सरकून त्यानं संपवलं आणि केसांपाशी एकदा थांबलेला तो हात या वेळी माझ्या हातावर ठेवला. हात गार होता.

"मी त्या दिवशी विचारायला आलो होतो," तो म्हणाला, "की तात्यांशी बोलू का. तेच विचारतोय. बोलू?"

"बोला. आजच बोला. तुम्हीच मला सोडायला येणार आहात, तसा निरोप आहे त्यांचा."

तो खदखदून हसला. मग त्याच्या डोळ्यांत नेहमीचा खट्याळपणा आला.

"पण एक सांगा, बाई. पुढं रोजच भेटायला लागलो तर? ठरल्यासारखा रस मिळाला की पेशी ओरडत नाहीत म्हणता. मग मजा जाणारच की."

"जात नाही. अलीकडं सरकते."

"किती अलीकडं?"

"तुम्ही इंदापूर सोडलंत की मला वडगावात कळेल, इतकी."

खाली दोन्ही नद्यांचं पाणी एक होऊन पुढं चाललं होतं, पण मला ते नीट दिसत नव्हतं, डोळे पुन्हा भरले होते. तो उठला, त्यानं हात पुढं केला आणि आजवरचं सगळं 'अहो-जाहो' त्या पायरीवरच ठेवून म्हणाला,

"अगं, चल ना… आई जेवायची थांबलीय. तुझं ताट वाढूनच मी पळत आलोय."